आतून साफ केलेली सिगडी

आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी नागपूरच्या सदर बाजारातल्या एका भंगारवाल्याकडून लोखंडी सिगडी विकत घेतली. कामठीच्या छावणीतल्या कुठल्याशा मेसमधून निघालेली. चार पाय, दोन हात लांब, वर सळयांची जाळी. साहेब लोक तिच्यावर कबाब भाजत म्हणे. मला वांगी भाजायची होती.

म्हणजे खरं सांगायचं तर मला सासऱ्यांना जेवू घालायचं होतं.

सासरे कळमेश्वरकडचे शेतकरी. आठवड्यातून एकदा भाजी घेऊन नागपूरच्या बाजारात येत, माल विकला की प्रताप नगरात आमच्याकडे डोकावत, चहा पीत, आणि बायकोनं तवा टाकायच्या आत "बस हाये, माय" म्हणून उठत. लग्नाला तीन वर्षं झाली तरी माणसानं लेकीच्या घरी एक घास खाल्ला नव्हता. कारण विचारलं की म्हणत, "तुमच्या स्टोव्हवरच्या जेवणाले घासलेटचा वास येते." ते गेले की बायको थोडा वेळ फाटकाशी उभी राहायची. मग आत येऊन भांडी घासायची, जरा जास्तच जोरात. तो आवाज मी तीन वर्षं ऐकत होतो. एके दिवशी ठरवलं, स्टोव्ह नको ना? मग कोळशावर भरीत करू. बघू कसे उठतात!

सिगडी रिक्षात चढवताना भंगारवाला म्हणाला, "बाबूजी, ऊपर-ऊपर से पोंछ लेना. अंदर मत छेड़ना."

झालं. जिथे हात लावू नका म्हणतात तिथेच भानगड असते, हे मला कचेरीतल्या फायलींनी शिकवलं होतं. घरी येताच आत डोकावलो, तर काय! तळाला आणि चारही बाजूंना बोटभर जाडीचा काळाकुट्ट थर. साहेबांनी वर्षानुवर्षं कबाब खाल्ले आणि एकानंही सिगडी घासली नाही! मी हातोडी-छिन्नी घेऊन बसलो.

बायको दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अहो, ते तसंच राहत असंन. काहून खरवडून राहिले?"

"तुला काय कळते? याला स्वच्छता म्हणतात."

हे मी कोणाला सांगत होतो? जिच्या माहेरी रोज चूल पेटते तिला! आणि माझी स्वतःची आई दर आठ दिवसांनी चूल लिंपायची, तेव्हा चिखलाची बादली मीच धरून उभा असायचो. पण दहा वर्षं कचेरीत बसलं की माणसाच्या डोक्यालाही टेबलक्लॉथ लागतो.

दोन रविवार गेले. टोपलंभर ढेकळं निघाली, ती मी फाटकापाशी खड्डा होता त्यात ओतून पायानं चोपली. आतला पत्रा आता लखलखत होता. उन्हात धरला तर त्यात चाळणीसारखी बारीक भोकं दिसत. मी म्हटलं, उत्तम, हवा खेळेल. मग आतून-बाहेरून चंदेरी ऑइलपेंट मारला आणि सासऱ्यांना निरोप धाडला की पुढच्या रविवारी वांगी घेऊन सकाळीच या.

ते आले. खांद्यावर पोतडी, पोतडीत दुधीएवढाली हिरवी वांगी. आत येता येता म्हणाले, "फाटकापाशी भर टाकली वाटते जवाईबापू. बरं केलं." सुरुवात कौतुकानं झाली म्हणून मी खूश.

 सासरे सिगडीभोवती एक चक्कर मारून आले. मी कोळसे भरले, पेटवले, वारा घातला, वांगी रचली. आधी रंगाला फोड आले. मग असा वास सुटला की त्यापुढे घासलेट म्हणजे अत्तर. मग पत्रा लालबुंद झाला. बायको म्हणाली, "अहो!" मी म्हटलं, "थांब, आता कुठं तापून राहिली." तेवढ्यात बूड धप्पकन खाली आलं. कोळसे अंगणात, वांगी कोळशांत, आणि मी उडी मारून तुळशीच्या कट्ट्यावर!

सासऱ्यांनी शांतपणे दोन बादल्या पाणी ओतलं. मग वाकून सिगडीच्या पोटात बघितलं.

"जवाईबापू, आतली माती कुठी गेली?"

"कोणती माती, मामाजी?"

"थर असते ना आतून. लिंपलेला."

"तो? तो मळ होता जी. मी साफ केला."

सासऱ्यांनी लेकीकडे बघितलं. लेकीनं पदर तोंडाला लावून भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते.

"अन् तो मळ टाकला कुठी?"

मी बोटानं फाटकाकडे दाखवलं.

नुकतीच ज्याची तारीफ केली होती तो खड्डा मग सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं उकरला. "भाजलेली माती हाये, सोनं हाये," असं पुटपुटत ती कुटून घेतली. समोरच्या रिकाम्या प्लॉटातून वारुळाची माती आणवली, गवळ्याकडून गाईच्या चाऱ्यातलं कुटार आणवलं. हे आणायला अर्थात मी. तेलाचा डबा कापून नवं बूड ठोकलं आणि चिखल तुडवून आतून हातानं जाड थर दिला. तोवर दुपारची बस गेली होती.

"आता पेटवायची?" मी विचारलं.

"वल्ली पेटवली का तडकते. दोन दिस सुकू द्या लागंन."

"मग तुम्ही संध्याकाळच्या बसनं जा मामाजी, मी लक्ष ठेवतो."

सासरे हात धुता धुता थांबले. "तुमच्या भरोशावर? उद्या येऊन पाहीन तं हेबी साफ करून ठेवसान."

आणि ते राहिले! सिगडीला जावयापासून वाचवायला राहिले. त्या दुपारी बायकोनं स्टोव्हवर पिठलं टाकलं, भाकरी थापल्या आणि ताट पुढे केलं. सासऱ्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

"बाबा, घासलेटचा वास नाही आला?" तिनं विचारलं.

ते ताटाकडे बघत म्हणाले, "वास कायचा वं. लेकीच्या घरी पसरून बसायले मन होत नाही, म्हणून म्हणत होतो." मग ताट पुढे सरकवून, "अजून अर्धी दे."

त्या दिवशी भांड्यांचा आवाज अजिबात आला नाही.

मंगळवारी भरीत झालं. सासऱ्यांच्या मते तिखट कमी होतं. जाताना त्यांनी सिगडीवर हात फिरवला आणि लेकीला बजावलं, "दरसाल थर पाहा लागते हिचा. तडा गेला का मले सांगजो. याह्यले हात लावू देजो नको."

पुढच्या हिवाळ्यात मी सिगडी माळ्यावरून काढली. थर टणक, एक रेघ नाही. मी अभिमानानं बायकोला दाखवला. तिनं बोटानं वाजवून बघितला, आत गेली, आणि छिन्नी आणून माझ्या हातात दिली.

"कोपऱ्यात जरासं खरवडा," ती म्हणाली. "मी बाबाले निरोप धाडते."