हौसाबाईच्या पाच बाटल्या आणि शंभर लाडू

“एका पाळीत पाच बाटल्या फुटल्या! सरासरी दोन, आणि या बाईच्या टेबलावर पाच!” वर्क्स मॅनेजर बर्वेसाहेबांनी रजिस्टर माझ्यापुढे आपटलं. “उद्या खंडेनवमी आहे म्हणून थांबतो. दसरा झाला की हिला घरी पाठवणार. तुम्ही फक्त आकड्यांवर सही करा.”

गोष्ट पन्नासच्या दशकातली, पिंपरीतल्या एका औषध कारखान्यातली. मी तिथे नवीकोरी स्टॅटिस्टिशियन होते. म्हणजे नेमकी कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गेटवरचा पहारेकरी मला टायपिस्ट समजायचा. नुकतंच शिकलेलं गणित डोक्यात नुसतं उड्या मारत होतं आणि ते वापरायची संधी कुणी देत नव्हतं. त्यामुळे खरं सांगते, रजिस्टर हातात आलं तेव्हा हौसाबाईची दया येण्याआधी मला आनंदच झाला.

हौसाबाई मोशीची. धुण्याच्या मशीनवर काचेच्या बाटल्या लावायचं तिचं काम. घरात पगार आणणारी ती एकटी. तिने मला जिन्याखाली गाठलं.

“बाई, म्या काय मुद्दाम फोडल्या न्हाईत. हात तेच हायेत, बाटल्याबी तशाच. त्याच दिशी का फुटल्या, मला काय ठावं?”

आमच्या प्राध्यापकांना जे सांगायला आठवडा लागला होता, ते हिने एका दमात सांगितलं. मी तिला मिठीच मारणार होते.

याला प्वासाँ डिस्ट्रिब्युशन म्हणतात. नाव भारी, गोष्ट सोपी. एखादी घटना क्वचित घडते, एकीचा दुसरीशी संबंध नसतो आणि सरासरी आपल्याला माहीत असते. मग ती एकदाही न घडण्याचे, एकदा, दोनदा, पाचदा घडण्याचे दिवस साधारण किती येतील, ते आधीच सांगता येतं. सरासरी दोन म्हणजे रोज दोन नव्हे. काही दिवस एकही बाटली फुटत नाही आणि महिन्याकाठी एखाद्या दिवशी पाच किंवा जास्त फुटतात. मी हौसाबाईचं सहा महिन्यांचं रजिस्टर तपासलं. तिची सरासरी दोनच होती. चार असती, तर सही मीच केली असती.

“म्हणजे पाच फुटल्या त्याला कारणच नाही?” साहेब म्हणाले.

“एकेका बाटलीला असेल, साहेब. पाच या आकड्याला वेगळं नाही.”

“हे तुमच्या कॉलेजात चालत असेल.”

मी तोंड पाडून बाहेर आले, तर कॅन्टीनमधून बुंदी तळल्याचा वास. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की सगळ्यांना लाडू असायचा. मी जी धूम ठोकली, ती थेट आचारी गणूकाकांसमोर थांबले.

“काका, शंभर लाडवांची बुंदी वेगळी काढा. दोनशे बेदाणे मोजून त्यात घाला, नीट कालवा आणि मग लाडू वळा. वरून एकही चिकटवायचा नाही.”

“बाई, तब्येत बरी हाय नव्हं?” काका म्हणाले. पण केलं सगळं.

दुसऱ्या दिवशी मशीनना झेंडूच्या माळा घालून झाल्या. मी साहेबांच्या हाती बंद पाकीट दिलं आणि शंभर लोकांना शंभर लाडू. लाडू फोडायचा, बेदाणे मोजायचे आणि आकडा ओरडून सांगायचा. मी फळ्याजवळ खडू घेऊन उभी.

“माझ्यात तीन!”

“माझ्यात भोपळा!”

“एकच हाय, राव!”

नुसता कल्लोळ. मी लिहितेय, पुसतेय, खडूने पदर पांढरा झालेला. साहेबही नकळत आपला लाडू फोडून बसले होते. त्यांच्या बशीत निघाले सहा.

“सहा?” मागून हौसाबाई म्हणाली. “साहेब, दोनाच्या जागी सहा! काकाला काय चिरीमिरी दिली व्हय?”

साहेबांनी एकदा बशीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग साहेब असे हसले की बुंदीचे दाणे मिशीत अडकले. त्यांनी पाकीट उघडलं. आत लिहिलं होतं: एकही बेदाणा नसलेले लाडू सुमारे चौदा, चार किंवा जास्त बेदाण्यांचे सुमारे चौदा. फळ्यावर होते बारा आणि पंधरा, आणि माझ्या वाटणीचा लाडू अजून फोडायचाच होता.

साहेबांनी खिशातून हौसाबाईचा मेमो काढला आणि सगळ्यांदेखत फाडला.

“मग बाई, आम्ही काळजी करायची तरी कधी?”

“सरासरी हलली की, साहेब.”

हौसाबाई रडत होती आणि हसतही होती. मी तर जमिनीवर नव्हतेच. त्याच तोऱ्यात मी माझा लाडू फोडला. एकही बेदाणा नाही. बोटांनी पुन्हा चाचपलं. नाहीच.

असे सुमारे चौदा निघणार हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तरी मी मान वळवून गणूकाकांकडे असं पाहिलं की ते बिचारे म्हणाले, “बाई, म्या काय मुद्दाम केलं न्हाई!”