चंद्रभागा सोनवणे यांचे निबंध

"चंद्रभागा काय गं बाई! आजीबाईचं नाव," असं सासूबाई साखरपुड्यातच म्हणाल्या होत्या. त्यांचं स्वतःचं नाव लंकाबाई. पण नव्या सुनेनं हे तोंडावर कसं म्हणावं? लग्नात तांदळाच्या ताटात शेखरनं अंगठीनं 'वेदिका' लिहिलं, बायकांनी पेढे वाटले आणि सटाण्याच्या पुंजाराम सोनवण्यांची लेक इंदिरानगरच्या बोरशांच्या घरी वेदिका म्हणून आली. नाव बदलायचं ही रीतच. रीतीपुढे कोण बोलणार!

चंद्रभागा लहानपणापासून कांदे साठवायच्या चाळीत वावरलेली. वरून खणखणीत दिसणारा कांदा आतून काळा कसा पडतो, या एका प्रश्नाचा तिनं ध्यास घेतला होता. वनस्पतिशास्त्र शिकली, संशोधनाला लागली. कांदा काळा करणाऱ्या बुरशीवरचे तिचे पहिले निबंध चंद्रभागा पुंजाराम सोनवणे या नावानं छापून आले. मग लग्न झालं, कागदपत्रं बदलली, आणि पुढचे सगळे निबंध वेदिका बोरसे या नावानं. काम तेच, बुरशी तीच. त्यामुळे नव्या निबंधात जुन्याचा दाखला द्यावाच लागे: 'सोनवणे यांनी दाखवल्याप्रमाणे...' लिहिताना तिला सुरुवातीला हसू यायचं. माहेरी डोकावून आल्यासारखं वाटायचं.

त्यानंतर कित्येक वर्षं ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. म्हणजे घेतले तेवढ्या तासांचे पैसे, आणि सुट्टी लागली की हात हलवत घरी. शेवटी त्याच कॉलेजात कायम जागा निघाली. तिथे दुसरं कोणी आलं असतं, तर तिचे ताससुद्धा गेले असते. सप्तशृंगीला नवस बोलून, फाइलमध्ये निबंधांबरोबर लग्नाचा दाखला लावून ती मुलाखतीला गेली. दोन्ही नावं माझीच, हे सांगायचं तिनं घरूनच ठरवलं होतं.

बाहेरच्या बाकावर बसली असताना हर्षल नावाचा तिच्या आधीचा उमेदवार आतून बाहेर आला. चेहरा पडलेला.

"काय विचारतायत?" तिनं विचारलं.

"विचारत कसले, सोलतायत, ताई! यांची नवी चाळणी आहे. तुमच्या निबंधाचा दाखला दुसऱ्यानं दिला तर तो तुमच्या नावावर जमा. पण तुम्हीच तुमचे दाखले दिले असतील आणि ते जास्त निघाले, तर सरळ बाद. तो बाहेरगावचा म्हातारा मला म्हणतो, स्वतःच्या लग्नात स्वतःच आहेर करता काय हो?" हर्षलनं पाठीवर बॅग टाकली. "आता माझ्या पिकावर माझ्याशिवाय काम केलंय कुणी! दाखला काय शेजाऱ्याचा देऊ?"

वेदिकाच्या हातातली फाइल एकदम जड झाली.

आत गेल्यावर बाहेरगावचे तज्ज्ञ खूश दिसले. "बोरसे मॅडम, तुमचं आम्ही सगळं तपासलं. स्वतःचा उदोउदो कुठेही नाही. हल्ली हे बघायला मिळत नाही."

तिनं फाइल मांडीवर उलटी ठेवली.

"एकच गोष्ट. तुमचं बरंचसं काम या सी. पी. सोनवणे यांच्यावर उभं आहे. जवळजवळ प्रत्येक निबंधात त्या आहेत. फार चांगलं काम आहे बाईंचं. मग अचानक लिहायच्या थांबल्या. कोण या?"

खरं सांगितलं, तर ते सगळे दाखले स्वतःचे ठरणार होते. वर दोन नावांचा खेळ केला म्हणून बोट दाखवायला मोकळे. लग्नाचा दाखला दाखवला तरी चाळणी ती चाळणीच.

"माझ्या... आमच्या सटाण्याच्याच त्या."

"अरे वा! मग फोन लावा ना. एवढी हुशार बाई गप्प का बसली, मीच विचारतो." आणि त्यांनी खरोखरच हात पुढे केला.

"त्या वारल्या, सर."

देव माणसाच्या जिभेवर कधी काय ठेवील, सांगता येत नाही. पण हे देवानं ठेवलं नव्हतं, एवढं तिला तेव्हाच कळलं. म्हातारा हळहळला. "अरेरे! आजार?"

तिनं मान हलवली. तिचे डोळे भरून आलेले पाहून कोणी पुढे खोदून विचारलं नाही.

जागा तिला मिळाली. लंकाबाईंनी देवापुढे साखर ठेवली, सुनेच्या हातावरही ठेवली. "आमच्या घरचं नाव काढलंस गं!" त्या गल्लीभर सांगत सुटल्या. शेखरला तिनं रात्री खरं सांगितलं. तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "जाऊ दे गं. कोणाचं काय गेलं त्यात?"

तज्ज्ञ मात्र भला माणूस. त्या गुणी बाईंची कुणी दखल घेतली नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली. आपल्या संस्थेच्या पत्रिकेत त्यानं श्रद्धांजलीचा मजकूर लिहिला. सटाण्याच्या चंद्रभागा पुंजाराम सोनवणे, कांद्यावरील बुरशीच्या अभ्यासक, अकाली गेल्या. त्यांचं कार्य श्रीमती वेदिका बोरसे पुढे नेत आहेत. खाली सोनवणे बाईंच्या निबंधांची नावं. वेदिकाला पत्ताच नव्हता.

तो मजकूर तिच्याबरोबर शिकलेल्या लखन देवऱ्याच्या मोबाइलवर आला. लग्नानंतरचं तिचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. बिचारा हातातलं काम टाकून सोनवण्यांच्या मळ्यात गेला आणि ओट्यावर कांदे निवडत बसलेल्या म्हाताऱ्या पुंजारामच्या गळ्यात पडून रडला.

वेदिका वर्गात शिरत होती तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून नुसता धापा टाकल्याचा आवाज.

"आबा? आबा, काय झालं?"

"तू बरी शेस ना, बेटा?"

"बरी आहे मी. का हो?"

"लखन उना इथं. रडत व्हता. कागद वाची दाखाडा त्यानी. नाव तुनं, बाप म्हनून नाव मनं." म्हाताऱ्याचा आवाज फाटला. "देवाघरच्या गोष्टी कोनी अश्या छापतंस का?"

ती दाराबाहेरच थांबली. आत पोरं उभी राहिली होती, 'गुड मॉर्निंग, बोरसे मॅडम' म्हणत होती.

"आबा, ते... ते चुकून झालं. मी आहे ना. बोलतेय ना तुमच्याशी."

मग अगदी हळू, पोरीला दुखवू नये अशा बेतानं, पुंजारामनं विचारलं, "मंग मरनी कोन?"