वीरपत्नी आणि म्हैस

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर उकडलेल्या तुरीच्या शेंगा खाल्ल्या आणि टीव्हीवर तिचं रडणं बघितलं. दुपारची जेवणं होऊन गेली होती. पोरगा हुमनाबादला कारखान्यात, सून मळ्यात, नात माझ्या बाजेच्या कडेला बसलेली. म्हातारी खाली परात घेऊन शेंगा सोलत होती. लढाईचा सिनेमा लागला होता. तो लागला की आमच्या गावात कामं थांबतात, कारण त्यात आमचं अर्धं गाव मेलेलं आहे.

"आला बघा तुमचा मुडदा," म्हातारी म्हणाली.

पडद्यावर मी मेलेलो होतो. तोंड उघडं, छाती लाल. माझ्यावर एक बाई पालथी पडलेली, तोंड माझ्या छातीत, डोक्यावर पदर, खांदे गदागदा हलताहेत. मागं सनई. बाई म्हणते, "धनी, तुमच्या रक्तानं ही माती पावन झाली. आता मी रडणार नाही, लढणार!"

म्हातारीनं तोंडातले दाणे हातावर काढले आणि ती हसायला लागली. ती बाई म्हणजे तीच.

आता हे नीट सांगतो. उदगीर आमच्या औराद तालुक्यापासून लांब नाही. तिथं जुन्या काळी पेशव्याची आणि निजामाची लढाई झाली, ती खरी. पण आता तिथं जिकडंतिकडं घरं आणि विजेचे खांब. सिनेमावाल्यांना मोकळा माळ पाहिजे होता. तो आमच्या गावाजवळ मिळाला, आणि माळाबरोबर आम्हीही मिळालो. रोजगार आणि दुपारचं जेवण, त्यात अंडं. सगळं गाव भरती झालं.

माझ्या शेजारी शिवणकाम करणारे चाचा राहतात. माझ्याच वयाचे. त्यांच्या मिशा अशा, की डायरेक्टरनं बघितल्या बघितल्या त्यांना भगवा पटका बांधून पेशव्याच्या फौजेत सगळ्यांत पुढं उभं केलं. मला मिशा नाहीत, म्हणून मला दाढी चिकटवून निजामाकडं टाकलं. सकाळभर मी चाचांच्या हातून मेलो. जेवण झाल्यावर निजामाची माणसं जास्त झाली आणि पेशव्याची कमी पडली, तेव्हा पटके बदलले, माझी दाढीही उतरवली. मग दुपारी मी पेशव्याकडून मेलो आणि चाचा निजामाकडून. संध्याकाळी चाचा म्हणाले, "अण्णा, दोन्हीकडनं मेलो, जेवण मात्र एकदाच दिले."

बायांना रडायचं काम होतं. एक बाई निवडायची होती, जी नवऱ्याच्या मुडद्यावर पडणार. आमची म्हातारी आपणहून पुढं गेली. का, तर बाकीच्या उन्हात उभ्या राहणार होत्या आणि मुडदा चिंचेच्या सावलीत होता. मुडदा मीच. माझ्या छातीवर त्यांनी साखरेचा लाल पाक ओतला. तो गोड, म्हणून मुंगळे आले. मेलेल्या माणसानं मुंगळा कसा झाडायचा, हे त्या डायरेक्टरनं काही सांगितलं नव्हतं.

काय म्हणून रडायचं, तिनं विचारलं. ते म्हणाले, तुमच्या भाषेत काहीही म्हणा, आवाज नंतर दुसरा घालतो. मग ती आली, धाडकन माझ्यावर पडली आणि हेल काढून ओरडली, "उठा की वो! म्हशीला पाणी दावायचं ऱ्हायलंय!"

ते खरंच राहिलं होतं. सकाळपासून आम्ही दोघं लढाईत, म्हैस घरी दाव्याला. माझं पोट हललं. डायरेक्टर ओरडला, मुडदा हसतोय. पुन्हा घेतलं. तिनं पुन्हा तेच म्हटलं आणि वर, "आवो, ती वरडायली असंल." तिसऱ्या वेळी मी जीभ दाताखाली धरून पडून राहिलो, तर आता हीच हसायला लागली. तोंड माझ्या छातीत दाबून असं हसली, असं हसली, की खांदे थांबेनात. पाक तिच्या नाकाला लागला. डायरेक्टरला मागून खांदे दिसले. तो खूश. रडावं तर असं, म्हणाला, आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

सिनेमा आला तेव्हा आम्ही ट्रॅक्टर करून उदगीरला बघायला गेलो. तिचे खांदे हलायला लागले तसं सगळं थेटर हुंदके द्यायला लागलं. एक माणूस उठून उभा राहिला, त्यानं हात जोडले. आम्ही दोघं अंधारात एकमेकांचा हात दाबून गप्प बसलो. कोण विश्वास ठेवणार होतं?

पुढं तो सिनेमा तेलुगूत आला, कानडीत आला. आमच्याकडं तिन्ही भाषा चालतात, तिन्ही बघितले. तेलुगूत तीच बाई शत्रूला शाप देते. कानडीत ती देवीचं नाव घेते. म्हातारी म्हणाली, "माझ्या एका तोंडातनं तीन बाया बोलायल्यात, अन् एकीलाबी म्हशीची काळजी न्हाई."

हसण्यावारी होतं तोवर ठीक होतं. मग लोकांना ते खरंच वाटायला लागलं. लातूरकडची पोरं मोटारसायकलवर येऊन विचारायला लागली, ती वीरपत्नी कुठं रडली? चिंचेखाली कुणीतरी दगड उभा केला. मग त्याला शेंदूर लागला. मग गावातल्या मंडळानं पाटी लावली, की लढाई इथंच झाली आणि वीरपत्नीनं इथंच प्रतिज्ञा केली. ज्या पोरांनी ती पाटी लावली, त्यांतले दोघं माझ्या शेजारी मरून पडले होते. त्यांनी आपल्या डोळ्यांनी मुंगळे बघितले होते. तरी ते हात जोडायचे. मी एकाला विचारलं, कामून रं? तो म्हणाला, "अप्पा, आपण केलं ते शूटिंग. पण जे दाखवलं ते तर घडलंच असंल की."

त्याचं सगळंच चुकीचं होतं, असं मी म्हणत नाही. पण म्हातारीला तिच्या आजीनं सांगितलेलं वेगळंच होतं. आजी सांगायची, फौज यायची. कुणाची, ते कुणी विचारत नसे. फौज आली की जमिनीतल्या ज्वारीच्या पेवाचं तोंड बुजवून वर उकिरडा करायचा आणि जनावरं ओढ्याच्या खळग्यात नेऊन त्यांची तोंडं बांधायची, हंबरू नयेत म्हणून. फौज कडब्याच्या गंजी घेऊन जायची. मग लोक परत यायचे आणि आधी जनावरांना पाणी दावायचे. एवढीच लढाई. आमच्या गावात पूर्वी सगळ्या म्हाताऱ्यांना हे माहीत होतं. सिनेमा आल्यापासून ते कुणी विचारत नाही, आणि न विचारलेलं माणूस विसरतं.

एकदा ती डोक्यावर शेणाची पाटी घेऊन चिंचेजवळून चालली होती. बाहेरगावच्या बायांनी तिला विचारलं, आजी, ती बाई कोण होती? ही म्हणाली, "व्हती एक म्हसवाली," आणि पुढं गेली.

तर त्या दुपारी ती हसत होती. नात तिच्याकडं बघून म्हणाली, "आजी, तवा तू लढाईत गेली का मग? अन् आजा मेल्ता तर परत कसा आला?"

"पाणी दावायला आला," म्हातारी म्हणाली, आणि आम्हाला दोघांना इतकं हसू आलं की माझा ठसका थांबेना. तिनं पाठीत दोन गुद्दे घातले. मग डोळे पुसून म्हणाली, "ऐका. मी मेल्यावर ती पावन माती माझ्या तोंडात घालू देऊ नका. पोरं घालतेत बघा. मी बोलले ते लिवा."

"लिवतो की. आधी मर तर खरं."

"मरते. शेंगा तरी संपू द्या."

शेंगा संपल्या. टरफलं पदरात घेऊन ती म्हशीला टाकायला गोठ्यात गेली. सिनेमा संपला तरी आली नाही. मी गेलो, तर हौदाला पाठ लावून बसली होती. मान एका बाजूला, टरफलं मांडीवर. म्हैस तिच्या मांडीवरूनच खात होती. मला वाटलं, अजून हसायलीय. मी म्हटलं, "उठ की गं." मग खांद्याला हात लावला.

त्यावर जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तिला नेलं. मंडळाच्या पोरांनी लाकडं आणली, पाणी आणलं, सगळं केलं. वाईट पोरं नाहीत. पण दोन दिवसांनी स्टँडवर त्यांनी भावपूर्ण श्रद्धांजलीचं फ्लेक्स लावलं. फोटो सिनेमातला. त्यात तिचं तोंड माझ्या छातीत, म्हणजे दिसतो फक्त पदर. आणि तोंड कुणाचं दिसतं? माझं. उघडं, मेलेलं. खाली मोठ्या अक्षरात "वीरपत्नी", आणि तिच्या तोंडी ती पावन माती.

करजगीहून माझा साडू आला. घरात कुणीतरी गेलं, एवढंच त्याच्या कानावर गेलं होतं. बसमधून उतरल्या उतरल्या त्यानं फ्लेक्स बघितलं आणि तिथूनच माझ्या नावानं हंबरडा फोडला. रडत रडत घरापर्यंत आला, माझ्या पोराच्या गळ्यात पडला, आता मेव्हणीनं कुणाकडं बघायचं म्हणाला, आणि पोराच्या खांद्यावरून त्याला मी दिसलो, ओट्यावर चहा पीत. माणूस खाली बसला. त्याला पाणी मारून उठवावं लागलं. सुतकाच्या घरात बायका तोंडात पदर कोंबून आत पळाल्या. त्या हसल्या म्हणून मला बरं वाटलं, पण तिला सांगायला ती नव्हती. अशी गोष्ट तिच्याशिवाय घडली, हे मला सगळ्यात जड गेलं.

त्या दिवसांत मी गोठ्यात गेलो नाही. हौद दिसायचा म्हणून त्या दारानं बाहेरसुद्धा पडलो नाही. म्हशीला चाचा पाणी दावायचे. सकाळी येऊन करून जायचे.

तेरवी जवळ आली. मी पोराला म्हटलं, ते फ्लेक्स काढायला सांग, तिला मी शब्द दिलाय. पोरगा म्हणाला, अण्णा, पोरांनी मायेनं लावलंय, तेरवीपर्यंत राहू द्या. मग मीच मंडळाच्या अध्यक्षाकडं गेलो. तो पंचविशीतला. त्यानं मला खुर्ची दिली आणि समजावलं, की बाहेरून लोक येतात, गावाचं नाव झालंय, आजीमुळं आपल्याला इतिहास मिळाला. आता खाली म्हशीचं लिहिलं तर लोक हसतील.

मी म्हटलं, "हसू दे. तीबी हसतच व्हती."

"पण अप्पा, वीरपत्नीला—"

"वीर मी न्हाई. पत्नी मातर माझी हाय. तू वीर काढ, पत्नी ऱ्हाऊ दे."

तो म्हणाला, चिंचेखालची पाटी मी काढणार नाही, पण स्टँडवरचं तुमच्या घरचं आहे, तुम्ही म्हणाल तसं करा. मला तेवढं पुरे होतं. लढाई त्यांची त्यांनी ठेवावी. मला बायको पाहिजे होती.

चाचांना घेऊन औरादला फ्लेक्सच्या दुकानात गेलो. फोटो चाचांच्या लेकीच्या मोबाईलमध्ये मिळाला. शूटिंगच्या दिवशीचा, संध्याकाळी निघतानाचा. म्हातारीच्या नाकाला लाल पाक, एका हातात दुपारचं राखून ठेवलेलं अर्धं अंडं, तोंड भरलेलं, आणि हसतेय. दुकानदार म्हणाला, आजोबा, श्रद्धांजलीला असा फोटो लावत नसतेत, शांत चेहऱ्याचा द्या. मी म्हटलं, शांत ती एकदाच झाली, तेव्हाचा मी काढला नाही.

मग मजकूर सांगितला. त्यानं टाइप करायचं थांबवून चाचांकडं बघितलं. चाचा मिशीवर हात फिरवत म्हणाले, "लिखो मियाँ. मी दोन्ही फौजांत व्हतो. असंच बोलली ती."

"शोकाकुलमध्ये कोणाकोणाची नावं?" दुकानदारानं विचारलं.

"घरधनी आन म्हैस."

तेही त्यानं लिहिलं.

तेरवीच्या संध्याकाळी जुनं उतरवून नवं लावलं. अध्यक्षानं स्वतः दोरी बांधली. जेवून निघालेल्या बाया स्टँडवर थांबल्या. एकीनं मोठ्यानं वाचलं, "उठा की वो, म्हशीला पाणी दावायचं ऱ्हायलंय." शूटिंगच्या दिवशी उन्हात उभी राहिलेली एक म्हातारी हसली. तिनं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मग दुसरीचे, मग सगळ्यांचे. साडू सगळ्यांत जास्त हसला. तेवढ्यात उदगीरची बस आली. खिडकीतल्या माणसांना पाठमोऱ्या बाया आणि हलणारे खांदे दिसले असणार. एकानं टोपी काढली, एका बाईनं हात जोडले. चाचा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अण्णा, लोकान्ला तिनं पुन्हा फसवली बघा." मी स्टँडच्या कट्ट्यावर बसून पोट धरून हसलो आणि त्यातच रडलो. कुठं एक संपलं आणि दुसरं सुरू झालं, ते मलाही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता म्हैस ओरडली. मी बाजेवर पडून होतो. चाचा येतील म्हणून पडून राहिलो. ती पुन्हा ओरडली. मग उठलो, गोठ्याच्या दारानं बाहेर गेलो, हौदातलं शिळं पाणी काढून टाकलं, बोअर चालू करून नवं भरलं, म्हशीचं दावं सोडलं आणि तिला पाणी दावलं.