चालत आलेल्या नवऱ्याची गोष्ट

टोकियोशेजारच्या इचिकावातल्या मराठी मंडळींना धीरज पाटणकरची गोष्ट तोंडपाठ होती. २०११च्या भूकंपाच्या दिवशी ट्रेन बंद, फोन बंद, आणि हा पठ्ठ्या टोकियोतल्या ऑफिसातून बायको-पोरीसाठी साडेआठ तास चालत घरी आला! ऐकणारे वाहवा करायचे. त्याची बायको जयमाला मुकाट्याने चहा गाळायची.

तिला खरं ठाऊक होतं. त्याच ऑफिसातला, शेजारीच राहणारा सुरेश त्या दिवशी रात्री नऊलाच चालत घरी पोचला होता, हे त्याच्या बायकोने, विभाने, चार दिवसांनी सहज सांगितलं. ऑफिस चारला सोडलं होतं. पण साहेब जागचे हलले नाहीत, म्हणून धीरज साडेसातपर्यंत खुर्चीला चिकटून बसला आणि रात्री साडेबाराला घरी उगवला. जयमालाला राग उशिराचा नव्हता, थापेचा होता. कधीतरी आपल्या तोंडाने कबूल करेल, म्हणून ती गप्प राहिली. बाई महाहट्टी! सात वर्षं गेली.

मग धीरजने साहेबांची चारदा माफी मागून आठवड्याची रजा मिळवली आणि तिघं इटलीला गेली. सिसिलीजवळच्या सात ज्वालामुखी बेटांपैकी स्ट्रॉम्बोलीवर एका घरात भाड्याने उतरली. तिथला डोंगर दर वीसेक मिनिटांनी धडाम करतो. गावातल्या बायका वाळत घातलेल्या कपड्यांवरची राख झटकतात आणि कामाला लागतात. नऊ वर्षांची राधिका ‘सुगोई, सुगोई’ असं जपानीत ‘भारी, भारी’ करत नाचत होती. जयमाला मात्र प्रत्येक आवाजाला तिला जवळ ओढायची.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला घरमालकिणीने विचारलं, “जपानात भूकंप फार होतात ना?” झालं! धीरजने खुर्ची पुढे ओढली. ट्रेन बंद, फोन बंद, आणि साडेआठ तास चाललो.

“पाच,” जयमाला मराठीत म्हणाली.

त्याचा चेहरा खाडकन उतरला. मालकीण काय ते समजून कॉफी आणायला आत गेली. राधिका अंगणात मांजराशी खेळत होती.

“कधीपासून माहितीये तुला?”

“त्याच आठवड्यापासून. तू सांगशील म्हणून थांबले.”

“अगं, साहेब बसलेले. कुणी उठतच नव्हतं.”

“सुरेश उठला.”

धीरज खाली बघत पाव कुस्करत राहिला.

“मी नाही उठले,” ती म्हणाली. “दोन वर्षांची पोर पोटाशी धरून टेबलाखाली बसले होते. तिने दोनदा अंगावर शू केली. तू दार वाजवलंस, तेव्हा बाहेर आले.”