नारळ फुटेपर्यंत
माझ्या मामीवर अन्याय झाला तो गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, आणि तो करणारे आम्हीच होतो. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात झेंडूचा ढीग दिसला की मी अजून रस्ता बदलतो. त्या दिवशी मामी बाळंत झाली, बाळ सुखरूप होतं, पण तिचं रक्त थांबेना, म्हणून तिला नागपूरला न्यायला एका धर्मादाय ट्रस्टचं हेलिकॉप्टर आमच्या गावच्या मैदानात पहिल्यांदाच उतरलं. डॉक्टर धावत आले, तर सरपंच पूजेचं ताट घेऊन आडवे. "काहून घाई करून राहिले, साहेब? नवी गाडी पूजेशिवाय हलवते का कोणी?" मग झेंडूचे हार, मग पायलटचा सत्कार, मग फोटो. "फोडा ना बापा तो नारळ लवकर, मले जाऊ द्या," मामी स्ट्रेचरवरून म्हणाली, तर लोक हसले. स्वागताच्या बॅनरचं एक टोक मीच धरलं होतं. अंधार पडल्यावर उडता येणार नाही, असं पायलट ओरडत होता. गर्दी हटली तेव्हा अंधार पडला होता. मामीला जीपमधून नेलं आणि ती नागपुरात रामदासपेठेच्या दवाखान्यात पोचण्याआधीच गेली. आता मी गावोगाव हे पत्रक वाटतो, लोक घडी घालून खिशात ठेवतात. तुम्ही ठेवू नका. आजच आपल्या सरपंचाला विचारा, आधी पेशंट की आधी पूजा, आणि उत्तर लेखी घ्या.