वरून ओतलेलं पाणी

क्लाराबाईंचं नाव आधी घेते. परळला आमच्या शेजारच्या खोलीत राहतात, इस्पितळात आया आहेत. मी साताऱ्याकडची. चौथीत शाळा सुटली, मग मामाकडे आले. वखारीत गिरणीचा रद्दी कापूस निवडायचे आणि खोकायचे. क्लाराबाईंनीच लालबागच्या केंद्रात माझ्यासाठी शब्द टाकला. वयात आलेल्या मुलींसाठी तिथं आरोग्याचा वर्ग होता. तो पुरा करील तिला शिवणवर्गात जागा. शिवण म्हणजे कापसातून सुटका.

शिकवणाऱ्या बाई गिरगावच्या. शिकवायच्या चांगलं. नखं कापा. दात घासा. महिन्याच्या दिवसांतही आंघोळ करा. त्या दिवशी हात धुणं होतं. जंतू सगळ्यांच्याच हातावर असतात, म्हणाल्या. घंगाळात पाणी, साबणाची एक वडी. एकेक मुलगी पुढं जाई, तांब्या बुडवी, हात धुई.

माझा नंबर आला.

"कुठल्या चाळीतली ग तू?"

सांगितलं.

"म्हणजे ते नवे बौद्ध झालेत, त्यांच्यातली?"

"हो."

बाईंनी साबण बाजूला सरकवला. कोपऱ्यातल्या शेगडीकडे बोट दाखवलं. "राख घे. राखेनंसुद्धा हात स्वच्छ होतात." तांब्या स्वतः उचलला, उंच धरला. "हां, कर हात पुढं. लांबून."

मागून एकजण हसली, "अगो, पसर ना हात, पाणी फुकट जातंय!"

सकाळीच ह्या पोरींबरोबर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा दिल्या होत्या. घसा अजून बसलेला.

गावात मी असंच पाणी प्यायले होते. ओंजळीनं. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आताही रडू आलं नाही. आत काही हललंच नाही. फक्त हात मागं गेले.

"बाई, तांब्या हातात द्या. नाहीतर नको."

"फार शिकलीस! उद्यापासून येऊ नकोस."

घरी येऊन सांगितलं तशा क्लाराबाई घाबरल्या. "माफी माग गो बाय. मी शब्द टाकलाय तिथं. शिवण गेलं तर परत तो खोकला." त्यांना माझ्या छातीची काळजी. त्यांचं काय चुकलं?

मी गेले नाही. कापूस निवडते. नाकाला फडकं बांधते. खोकला आहे.

क्लाराबाईंचा शब्द माझ्यापायी वाया गेला. त्याची फेड एक दिवस करणार, नक्की करणार. पण त्यांनी पाया पडून सांगितलं तरी माफी मागायला जाणार नाही.