बिबांशिवायची सकाळ

आमच्या फुटबॉल क्लबाचे मॅनेजर बदलले तेव्हा मला पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली होती. तरी कुणी "जरा इकडे या" म्हटलं की आपलं काय चुकलं ते मी आधी आठवायला लागायचो. आठवीतून शाळा सुटली, हातात दाखवायला कागद नाही. आपल्याला इथे ठेवलंय ते कुणाच्या तरी मर्जीने, ही गोष्ट मी झोपेतही विसरत नसे. गाव माझं पार भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांध्यांचं. बोलताना शेवटी "जी" लावायची सवय तिकडची. टीममधली पोरं मला त्यावरूनच चिडवायची. "जीकाका, मोजे जी?" असं.

माझं काम कपड्यांचं. खेळाडूंच्या जर्सी, मोजे, सरावाचे कपडे धुवायचे, वाळवायचे आणि ते येण्याआधी ड्रेसिंग रूममध्ये ज्याचे त्याच्या खुंटीवर लावून ठेवायचे. क्लब देशातल्या सगळ्यांत वरच्या लीगमधला. मी त्याआधी खडकीला एका लाँड्रीत इस्त्री करायचो. लष्कराच्या क्वार्टर्समधले गणवेश यायचे. एकदा मॅनेजर स्वतः जर्सींचं गाठोडं घेऊन आले, क्लबाचं मशीन बंद पडलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी न्यायला आले तर मी प्रत्येक जर्सीची घडी नंबर वर दिसेल अशी घातली होती. त्यांनी घड्या बघितल्या, मला बघितलं आणि म्हणाले, "लेका, हितं काय करतोयस? चल माझ्यासंगं."

ते कोल्हापूरचे. पेपरवाले त्यांना प्रशिक्षक लिहायचे, आम्ही सगळे मॅनेजरच म्हणायचो. त्यांच्या त्या एका वाक्यावर माझं घर उभं राहिलं, असं म्हटलं तरी चालेल.

आता बिबाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बिब म्हणजे सरावाला जर्सीच्या वरून घालायचं जाळीचं, बिनबाह्यांचं बनियन. सरावात दोन गट पाडायचे तर अर्ध्यांना पिवळं द्यायचं, अर्ध्यांना नारिंगी. एवढंच खरं. पण आमच्याकडे रिवाज असा होता, की मॅचच्या आदल्या सरावाला ज्यांच्या खुंटीवर पिवळं, ते अकरा जण मॅचला उतरणार. मॅनेजर सकाळी लवकर यायचे, खुंट्यांसमोर उभे राहायचे आणि एकेका खुंटीवर नुसतं बोट ठेवायचे. मी पिवळं लावत जायचो. कुणाला भाषण नाही, कागद नाही. पोरं आत आली की एकमेकांशी बोलायच्या आधी खुंटीकडे बघायची. त्या एका क्षणात कुणाचा चेहरा उजळायचा, कुणी उगाच बुटाची नाडी सोडून परत बांधायचं. मला ते बघवायचं नाही. मी तेवढ्यात बादली उचलून बाहेर जायचो.

त्या हंगामात आम्ही हरत गेलो. तक्त्यात पार तळाला. मॅनेजरनी टीम बदलली नाही. तीच अकरा बोटं, त्याच अकरा खुंट्या. "ह्याच पोरांनी मला वर आणलंय, हीच काढतील ह्यातनं," म्हणायचे. पोरंही त्यांच्यावर जीव टाकणारी. पण मैदानावर एक विचित्र गोष्ट झाली होती. आवाज गेला होता. सरावात नुसता चेंडूला पाय लागल्याचा धप्प आवाज, आणि शिट्टी. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. चुकलेला मान खाली घालायचा, न चुकलेलाही मान खाली घालायचा.

एका मंगळवारी ऑफिसातून त्यांना बोलावणं आलं. अर्ध्या तासात परत आले ते सरळ माझ्या धुण्याच्या खोलीत. मशीन चालू होतं. पालथ्या क्रेटवर बसले आणि म्हणाले, "च्या पाजतोस?"

मी चहा ठेवला. ते शांतपणे प्यायले. मग म्हणाले, "मी चाललो. नवीन येतोय, परदेशातला."

"मग मी पण येतो जी तुमच्यासोबत."

"कुठं? माझं मलाच ठाव न्हाई." ते हसले. "हे बघ. कपडे टीमचे असत्यात, माझे न्हवंत. तू हितं ऱ्हा."

एवढं बोलून बाहेर गेले आणि माळ्यापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत एकेकाशी हात मिळवला. मी जाळीतून बघत होतो. आयुष्यभराचं काम अर्ध्या तासात हातातून गेलेला माणूस इतक्या सरळ पाठीने चालू शकतो, हे मला माहीतच नव्हतं.

"तू इथं राहा" म्हणणं त्यांच्या हातात होतं. ठेवणं आता त्यांच्या हातात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बातमी फिरली की नवीन मॅनेजर आपली माणसं घेऊन येतो. गोलकीपरचा कोच, व्यायाम घेणारा, आणि कपडेवालासुद्धा. धायरीला मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या काकूंनाही कळलं. त्यांच्या शेतावरच आता आम्ही राहतो ती चार मजली इमारत आहे, आणि खालच्या ओट्यावर बसून त्या सगळ्या गावाची खबर ठेवतात. "आवं, तुमचा सायेब गेला म्हनं? मंग तुमचं काय हाय?"

माझं काय हाय, हाच तर प्रश्न होता. मी म्हटलं, "बघू जी." रात्रभर बघत राहिलो.

नवीन मॅनेजर शुक्रवारी सकाळी विमानातून उतरून थेट मैदानावर येणार होते, आणि शनिवारी मॅच होती. म्हणजे शुक्रवारचा सराव मॅचच्या आदल्या दिवसाचा. मी पहाटेच आलो. जर्सी लावल्या, मोजे लावले. आणि पिवळ्या बिबांची थप्पी हातात घेऊन उभा राहिलो.

खुंटीवर बोट ठेवणारं कुणी नव्हतं. विचारायचं कुणाला? ऑफिस उघडलं नव्हतं. रिकाम्या खुंट्या बघून माझं डोकं चालेना. नवीन साहेब येतील, बघतील की बिबं लावलेली नाहीत, म्हणतील हा माणूस काय कामाचा, आपलाच बोलवा. असंच काहीतरी मनात आलं आणि हात आपोआप चालायला लागले. जुन्या अकराच्या अकरा खुंट्यांवर मी पिवळं लावून टाकलं, उरलेल्यांवर नारिंगी.

पोरं आली. नेहमीसारखं आधी खुंट्यांकडे बघितलं. आमचा एक बचावपटू खडकीचा, तिरकस बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याच्या खुंटीला पिवळं होतंच. तो म्हणाला, "वा! मॅनेजर अजून विमानात आहेत आणि टीम निवडून मोकळे. ह्याला म्हणतात वेग."

कुणी हसलं नाही. वर्षभर बाकावर बसलेला एक मणिपूरचा स्ट्रायकर होता. नवीन माणूस येतोय म्हणून त्या दिवशी केस कापून आला होता. त्याने आपल्या खुंटीचं नारिंगी बघितलं, आणि घातलेले बूट काढायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलंय ते. पण तोवर सगळे बाहेर पडायला लागले होते. मैदानाच्या कडेला टॅक्सी येऊन थांबली होती.

टॅक्सीतून एक बुटका, पांढऱ्या दाढीचा माणूस उतरला. हातात एकच बॅग. सोबत कुणी नव्हतं. कुंपणापाशी शहरातले एक निवृत्त मास्तर रोज सराव बघायला येऊन बसायचे, ते मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "आजवर अपयश स्थानिक होतं. आता आयात केलंय."

नवीन मॅनेजर रांगेसमोर उभे राहिले. पिवळ्यांकडे बघितलं, नारिंगींकडे बघितलं. इंग्रजीत काहीतरी विचारलं. सगळे माझ्याकडे वळले. खडकीवाला पुढे झाला. "जीकाका, विचारतायत, ही टीम कोणी निवडली?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. दुसरं काय करावं सुचलंच नाही.

"सांग त्यांना, मी लावली जी. मागच्या मॅचचीच. कुणी सांगितलं नव्हतं."

त्याने सांगितलं. मॅनेजरनी ऐकून घेतलं. मग एक वाक्य बोलले, खडकीवाल्याने ते मराठीत केलं.

"सगळी बिबं काढून तुमच्याकडे द्यायचीत."

एकेक जण येऊन माझ्या हातावर बिब टाकत गेला. पिवळं, नारिंगी, पिवळं. हात भरले, ढीग हनुवटीपर्यंत आला. मला वाटलं, संपलं, हे घेऊन आता गेटबाहेर जायचं. पण जा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून मी ढीग घेऊन तिथेच उभा राहिलो.

मॅनेजर रांगेतून चालत गेले आणि एकेकाच्या खांद्याला हात लावत राहिले. एकाला इकडे, एकाला तिकडे. दोन गट झाले. दोन्ही गटांच्या अंगावर तीच निळी जर्सी. कोण कुठला, बघून काही कळेना. आणि त्यांनी चेंडू मध्ये टाकला.

पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. पोरं समोरच्यालाच पास देत होती. एकाने तर आपल्याच माणसाच्या पायातून चेंडू काढून घेतला आणि दोघंही एकमेकांकडे बघत बसले. मास्तर कुंपणावरून म्हणाले, "छान. निदान आता कारण तरी दिसतंय." मॅनेजर मात्र खिशात हात घालून उभे.

मग कुणीतरी हाक मारली. मला वाटतं तो गोलकीपर असावा. मग दुसऱ्याने. रंग नव्हता, म्हणून चेंडू घ्यायच्या आधी मान वर करून चेहरा बघावा लागत होता, आणि चेहरा ओळखला की हाक मारावी लागत होती. "इकडे!" "मागे बघ!" "भाई, मैं हूँ!" मराठी, हिंदी, मणिपुरी, मल्याळम, सगळं एकदम. इतके आठवडे मुकं पडलेलं ते मैदान असं बोलायला लागलं की मी ढिगावरून मान उंच करून बघायला लागलो. तो मणिपूरचा पोरगा, एरवी ज्याचा आवाज मी ऐकलाच नव्हता, तो हात उंचावून ओरडत धावत होता, आणि आमचे जुने अकरा मान वर करून त्याला शोधत होते. मॅनेजरनी तोवर एक शब्द शिकवला नव्हता. फक्त काहीतरी काढून घेतलं होतं. एवढ्याने बावीस माणसं बदलतात? मी डोळ्यांनी बघत होतो तरी मला खरं वाटत नव्हतं. कुंपणाजवळ मास्तर उठून उभे राहिले होते आणि काही बोलत नव्हते. त्यांचं न बोलणं मी पहिल्यांदाच बघत होतो.

सराव संपल्यावर मॅनेजर माझ्याकडे आले. ढीग अजून माझ्या हातातच होता. खडकीवाल्याला त्यांनी खूण केली.

"विचारतायत, भीती वाटली होती का?"

"हो जी."

मॅनेजर बरंच काही बोलले. खडकीवाल्याने ते सगळं दोन शब्दांत आणलं. "म्हणतायत, मलाही."

एवढा मोठा माणूस, सात समुद्र ओलांडून आलेला. मग कुठून धीर आला कुणास ठाऊक, मी म्हटलं, "विचार ना, त्यांचा कपड्यांचा माणूस कधी येतोय?"

खडकीवाल्याला टिंगल करायची संधी होती, पण त्याने केली नाही. नीट विचारलं. उत्तर ऐकून मात्र हसला. "म्हणतायत, ते मला माहीत नाही. दोन मॅच हरलो तर मीच कधी जातोय ते माहीत नाही. पण उद्या सकाळी सातला मी ड्रेसिंग रूममध्ये असेन. त्याआधी काही लावू नका."

दुसऱ्या दिवशी मॅचच्या सकाळी ते सातच्या आधीच आले. त्यांनी खुंट्यांवर बोट ठेवलं नाही. पोरं येऊन बसेपर्यंत मला काही लावू दिलं नाही; सगळ्यांसमोर अकरा नावं तोंडाने घेतली, आणि मग एकेक जर्सी माझ्या हातून ज्याच्या त्याच्या हातात द्यायला लावली. तीन नवीन होते. मणिपूरच्या पोराने जर्सी दोन्ही हातांनी घेतली. वगळलेल्या तिघांशी मॅनेजर आधीच बाहेर बोलून आले होते. मला त्या दिवशी बादली घेऊन पळावं लागलं नाही. जुन्या मॅनेजरांची आठवण मात्र आली. त्या पोराला जर्सी देताना आपण त्यांच्याशी काही वाकडं तर वागत नाही ना, असंही वाटून गेलं.

मॅच आम्ही जिंकलो नाही. बरोबरी झाली. पण तळाच्या टीमला एक गुण म्हणजे काय, ते त्या दिवशी स्टेडियममध्ये असलेल्यांना विचारा.

टीम आत येत होती तेव्हा ऑफिसातल्या मॅडम बोळात दिसल्या. मला राहवलं नाही. "मॅडम, ते माझं काय ठरलं जी?"

"कशाचं?"

"नवीन माणूस येणार होता ना, कपड्यांना."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला काढलं असतं तर कळवलं असतं. कळवलंय का?"

"नाही जी."

"मग इथे उभे का आहात? आत काम नाहीये का?"

आयुष्यात कुणी इतकं गोड बोललं नव्हतं माझ्याशी. मी धावत आत गेलो. ड्रेसिंग रूममध्ये सगळे बाकांवर पसरले होते आणि कुणीच बोलत नव्हतं. मला वाटलं, पोरं पुन्हा मुकी झाली. मग खडकीवाल्याने गळ्याकडे बोट दाखवलं आणि तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. नव्वद मिनिटं ओरडून अख्ख्या टीमचे घसे बसले होते. त्याच्या डोळ्यांत काहीतरी तिरकस चमकत होतं, पण ते बोलायला त्याच्याकडे आवाजच नव्हता.

कोपऱ्यात मॅनेजरही गळ्याला हात लावून बसले होते. त्यांनी मला बघितलं आणि हाताने पाणी उकळल्याची, मग त्यात चिमूटभर काहीतरी टाकल्याची खूण केली.

"मीठ-पाणी जी? आणतो, सगळ्यांना आणतो," मी म्हटलं. त्या खोलीत तेवढा एकच आवाज होता, माझा. मी मोठं पातेलं शेगडीवर चढवलं.